बुरशी कोणती?

पावसाळा लागला की माजिवड्याच्या आमच्या घरात बुरशीचे राज्य सुरू होते. कपाटात टांगलेल्या चामडी पट्ट्यावर पांढरी लव येते. पुस्तकांच्या पाठींवर करडे ठिपके उमटतात. लोणच्याच्या बरणीत कोणी ओला चमचा बुडवला, तर चार दिवसांत फोडींवर साय धरते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तर एक डाग असा आहे की दर दिवाळीला रंग द्यावा आणि दर श्रावणात त्याने त्याच जागी पुन्हा उगवावे. या साऱ्यांना आम्ही एकाच नावाने हाक मारतो. भाकरीवरची ती बुरशी, भिंतीवरची ती बुरशी, चपलेवरची तीही बुरशी. घरकामाला एवढे एक नाव पुरते, कारण उपायही ठरलेले असतात : पुसावे, उन्हात टाकावे, नाही तर फेकून द्यावे.

पण तीच बुरशी माणसाच्या नाकात घर करते तेव्हा हे एक नाव पुरत नाही. नुसते पुरत नाही एवढेच नव्हे, ते जिवावरही बेतू शकते. मी डॉक्टर नव्हे. परंतु एकाच नावाची दोन दुखणी मी अगदी जवळून पाहिली आहेत. एक माझ्याच नाकातले आणि दुसरे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचे. त्या दोहोंत किती अंतर होते, ते सांगावे म्हणून हा प्रपंच.

आमचे माजिवडे म्हणजे मूळचे एक गाव. आता ते गाव उंच इमारतींच्या पायथ्याशी अंग चोरून बसले आहे. एकीकडून नाशिकचा महामार्ग येतो, दुसरीकडे घोडबंदरचा रस्ता फुटतो, आणि डोक्यावरून उड्डाणपूल जातो. पश्चिमेला येऊरचे डोंगर, उत्तरेला बाळकूम-कोलशेतकडची खाडी. त्यामुळे ओल आणि धूळ या दोन्ही गोष्टींना इथे कधी तोटा पडला नाही. कुजलेल्या पाल्यात, ओल्या मातीत, खोदलेल्या रस्त्यात बुरशीचे बीजाणू असतातच. ते डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक, आणि प्रत्येक श्वासाबरोबर थोडेथोडे आपल्या नाकात जात असतात. माजिवड्यातच नव्हे, महाबळेश्वरातही जातात. त्यांच्यापासून पळून जाण्यासारखी जागा पृथ्वीवर नाही.

तरीही बहुतेकांना काही होत नाही, याचे श्रेय नाकाला द्यायला हवे. नाकाच्या दोन्ही बाजूंना हाडांमध्ये पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत : गालांत, कपाळात, डोळ्यांच्या मधल्या भागात आणि पार मागे मेंदूच्या तळाशी. यांनाच आपण सायनस म्हणतो. त्यांना आतून ओलसर अस्तर असते आणि त्या अस्तरावर सूक्ष्म केस सतत हलत असतात. आलेली धूळ, आलेले बीजाणू ते शेंबडाबरोबर बाहेर ढकलतात. झाडलोट करणारी ही माणसे रात्रंदिवस कामावर असतात. आपण त्यांची आठवण काढतो ती पडसे झाल्यावर, आणि तीसुद्धा शिव्या देण्यासाठी.

माझे नाक सुमारे तीन वर्षे बंद होते. सुरुवातीला मी त्याला पडसे म्हटले, मग सर्दी म्हटले, मग धुळीला दोष दिला. घरात उपायांची उणीव नव्हती. ओव्याची पुरचुंडी झाली, निलगिरीची वाफ झाली, नाकात तूप सोडून झाले. सुश्रुताने नाकाचे एकतीस रोग सांगितले आहेत असे एका वैद्यांनी मला ऐकवले, तेव्हा त्यांपैकी निदान दहा मला असावेत अशी माझी खात्री पटली. फोडणीचा वास येईनासा झाला. आंबा तोंडात गोड लागे, पण तो हापूस की पायरी हे डोळ्यांनी पाहून ठरवावे लागे.

शेवटी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पाहिले. फिकट द्राक्षांसारखे मांसल घोस दोन्हीकडून लोंबत होते. मग सीटी स्कॅन झाले. करड्या चित्रात काळ्या दिसायला हव्या होत्या त्या पोकळ्या भरून गेल्या होत्या, आणि त्या भरावात पांढुरक्या रेषा वाकड्यातिकड्या पसरल्या होत्या. डॉक्टर त्या रेषांवर बोट फिरवीत म्हणाले, "ही बुरशी. पण घाबरू नका, ही तुम्हाला खात नाहीये. तुमचं शरीरच तिच्याशी भांडण काढून बसलंय."

शस्त्रक्रियेत त्यांनी जे बाहेर काढले, ते शेंगदाण्याच्या कुटात गूळ मळावा तसे चिकट आणि मातकट होते. ते तपासायला गेले. ॲलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल नावाच्या पेशी त्यात भरपूर सापडल्या, शार्को आणि लायडेन या वैद्यांच्या नावाने ओळखले जाणारे टोकदार स्फटिक सापडले, आणि बुरशीचे तुरळक धागेही. मुख्य म्हणजे ते धागे त्या चिकट पदार्थातच होते. नाकाच्या अस्तरात एकही घुसला नव्हता. १९९४ मध्ये बेंट आणि कून या दोघा डॉक्टरांनी या आजाराची जी लक्षणे ठरवून दिली, त्यांतली बहुतेक माझ्यात मिळाली. म्हणून मला बुरशी मारण्याचे औषध दिलेच नाही. मला मिळाले ते स्टेरॉइड : काही दिवस गोळ्या, नंतर नाकात मारायचा फवारा. भांडण शमवायचे, एवढाच उपाय. त्याबरोबर रोज मिठाच्या पाण्याने नाक धुवायचे. आपल्या जलनेतीचेच हे धाकटे भावंड. पाणी मात्र उकळून गार केलेलेच हवे, हे डॉक्टरांनी दोनदा बजावले, कारण नळाच्या कच्च्या पाण्यातून क्वचित मेंदूपर्यंत जाणारा एक जिवाणूहून निराळा जीव, अमीबा, आत जाऊ शकतो.

निघताना डॉक्टरांनी कागदावर आजाराचे पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिले. "कोणी विचारलं तर नुसती बुरशी झाली होती असं सांगू नका," ते म्हणाले. "कोणती, ते सांगा. या घरात चार भाडेकरू राहतात, आणि चौघांच्या वागण्याचा एकमेकांशी संबंध नाही."

ते चार भाडेकरू मी पुढे समजून घेतले. पहिला माझ्याकडचा, भांडखोर. दुसरा निरुपद्रवी : गालातल्या एकाच पोकळीत बुरशीचा गोळा जमतो. बहुधा उतारवयात, आणि पुष्कळदा वरच्या दाढेत मसाला भरल्यानंतर त्यातला थोडा पोकळीत उतरला असेल तर. आमच्या शेजारच्या आजींना तो झाला होता. दुर्बिणीतून पोकळी उघडून गोळा काढून टाकला, आणि काम संपले. ना गोळ्या, ना इंजेक्शने. तिसरा सावकाश पोखरणारा. हा आपल्याकडे उत्तर भारतात आणि तिकडे सुदानात विशेष आढळतो. धडधाकट माणसाच्याही नाकात महिनोन् महिने वाढत राहतो आणि एक डोळा हळूहळू पुढे आला की लक्षात येतो. आणि चौथा, ज्याचे काम महिन्यांत नव्हे, तासांत मोजावे लागते.

हे चौघे वेगळे आहेत हे डॉक्टरांनाही एका दिवसात कळले नाही. या रोगांची नावे नीट लावण्यासाठी देशोदेशींच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून जी वर्गवारी केली, ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्या लेखकांत अग्रभागी होते चंडीगडच्या संस्थेतील डॉ. अरुणालोक चक्रवर्ती. नावे ठेवणे हा आपल्याकडे रिकामपणचा उद्योग समजतात. पण इथे नाव चुकले तर औषध चुकते.

याचा प्रत्यय मला मे २०२१ मध्ये आला.

ताई कल्याणला राहते. भावोजींना मधुमेह पंधरा वर्षांचा. एप्रिलमध्ये त्यांना कोविड झाला. प्राणवायू लावावा लागला, स्टेरॉइड द्यावे लागले, आणि ते वाचून घरी आले. इथे स्टेरॉइडला दोष देऊन चालणार नाही. प्राणवायूवर असलेल्या कोविडच्या रोग्यांचे प्राण त्यामुळे वाचतात, हे इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीने २०२० मध्येच दाखवून दिले होते. पण ती मात्रा माफक होती आणि दिवस मोजके होते. शिवाय स्टेरॉइडने रक्तातली साखर चढते. भावोजींची साखर घरी आल्यावर चारशेच्या घरात होती.

आठवड्याभराने त्यांच्या वरच्या दाढा हलू लागल्या. डावा गाल बधिर झाला. दुखणे म्हणावे तर दुखत नव्हते, आणि तेच फसवे होते. आधी कोणा एका डॉक्टरांनी दातदुखीच्या गोळ्या दिल्या. मग ताईने त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेले. त्या बाई तरुण होत्या. त्यांनी टाळूवर बॅटरी धरली, बोटाने दाबून पाहिले, आणि हातमोजे काढता काढता म्हणाल्या की हे माझे काम नाही, आजच्या आज मोठ्या रुग्णालयात न्या, ही बुरशी दिसते आहे. त्या अनाम मुलीला आमचे घर विसरणार नाही.

रात्री नऊ वाजता ताईचा फोन आला.

"अरे, तुझ्या नाकातसुद्धा बुरशीच निघाली होती ना? तुला कसलं औषध दिलं होतं, त्याचं नाव सांग. समोरच्या केमिस्टकडे मिळतं का बघते. बेड कुठेच मिळत नाहीये. तुझं औषध आज सुरू केलं तर दोन दिवस तरी निभावतील."

"ताई, त्यातली एक गोळीसुद्धा भावोजींना देऊ नकोस. ते स्टेरॉइड आहे."

"पण बुरशी तीच ना?"

"तीच नाही. नाव तेवढं तेच आहे. तू गाडी बघ, मी इकडे बेड शोधतो."

पलीकडे क्षणभर शांतता होती. ताईच्या जागी मी असतो तरी मीही तेच विचारले असते. ज्या औषधाने भाऊ बरा झाला, ते नवऱ्याला का चालू नये? तिच्या तर्कात कुठे खोट नव्हती. खोट होती ती त्या एका शब्दात.

भावोजींना झाला होता तो चौथा भाडेकरू, म्युकरमायकोसिस. शिळ्या भाकरीवर जी लव येते तिच्याच कुळातल्या या बुरशा. निरोगी माणसाच्या नाकात त्यांचे काही चालत नाही. पण साखर चढलेली असली आणि रक्तात आम्लता वाढली, की रक्तातले एरवी बांधून ठेवलेले लोह मोकळे होते. या बुरशांना लोह फार प्रिय. त्यातच साखर आणि स्टेरॉइड यांनी पांढऱ्या पेशींचे पहारेकरी पेंगुळलेले असतात. मग बुरशी अस्तर फोडून सरळ रक्तवाहिनीत घुसते, तिच्यात गुठळी होते, आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. तिथले मांस मरते आणि काळे पडते. म्हणजे काळी असते ती बुरशी नव्हे; काळे असते ते आपलेच मेलेले अंग. नाक आणि डोळा यांच्यामधले हाड तर इतके पातळ की वैद्यकात त्याला कागदाचेच नाव आहे. तो कागद ओलांडला की डोळा, आणि त्यामागे मेंदू.

त्या महिन्यात वर्तमानपत्रांनी काळ्या बुरशीमागोमाग पांढरी आणली, पिवळी आणली. अखेर दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना जाहीरपणे सांगावे लागले की बुरशीला रंगाने ओळखू नका, नावाने ओळखा. केंद्र सरकारने २० मे २०२१ रोजी राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवण्यास सांगितले. जून संपता संपता देशात ४०,८४५ रुग्ण नोंदले गेले होते आणि ३,१२९ मृत्यू. रुग्णांपैकी सुमारे चौसष्ट टक्क्यांना मधुमेह होता, आणि निम्म्याहून अधिक जणांनी स्टेरॉइड घेतले होते.

त्या रात्री कल्याणहून रुग्णवाहिका निघाली ती कोन, भिवंडी, कशेळी करीत माजिवड्याला आली. लोकल गाड्या सामान्य माणसांना बंद होत्या. नाक्यावर मी चढलो. भावोजी डाव्या डोळ्यावर रुमाल धरून बसले होते. मला पाहून म्हणाले, "तुमच्या नाक्यावर एवढा मोकळा रस्ता मी पहिल्यांदाच पाहतोय." मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात पहाटे जागा मिळाली.

तिथे जे निदान झाले ते पाहून मी चकित झालो, कारण ते फार साधे होते. दुर्बिणीतून नाकातला एक काळसर तुकडा काढला. काचपट्टीवर ठेवून त्यावर पोटॅशचे पाणी टाकले. त्या पाण्यात मांस विरघळते आणि बुरशी तेवढी शिल्लक राहते. अर्ध्या तासात उत्तर आले. सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदे नसलेले धागे, आणि त्यांच्या फांद्या काटकोनात फुटलेल्या. दुसरी बुरशी असती, ॲस्परजिलस, तर धागे बारीक दिसले असते, मध्ये पडदे असते, आणि फांद्या तिरप्या गेल्या असत्या. ॲस्परजिलस हे नाव १७२९ मध्ये मिकेली या इटालियन धर्मगुरूने ठेवले, कारण तिचा तुरा त्याला देवळात तीर्थ शिंपडण्याच्या साधनासारखा वाटला. तो आपल्याकडचा असता तर त्याने तिला गुलाबदाणी म्हटले असते. बुरशी रुजवून तिचा वंश ठरवायला पुढे काही दिवस लागतात. पण काचपट्टीचे उत्तर आल्यावर त्या दिवसांची वाट कोणी पाहत नाही. यंत्रांच्या चित्रांचेही सर्वस्वी खरे मानता येत नाही. माझ्याच आजारातली दाट बुरशी एमआरआयच्या एका चित्रात अशी काळी दिसते की पोकळी रिकामी आहे असे वाटावे. शेवटी कोणीतरी तुकडा काढून डोळ्यांनी पाहावा लागतो.

उपचाराला तीन पाय होते, आणि एकही काढून चालण्यासारखे नव्हते. साखर ताब्यात आणायची. मेलेले सारे कापून काढायचे. आणि ॲम्फोटेरिसिन द्यायचे. मेलेल्या भागात रक्त जात नाही, म्हणून औषधही जात नाही. त्यासाठी कापावे लागते. भावोजींच्या वरच्या जबड्याची डावी बाजू आणि अर्धा टाळू गेला. डोळा राहिला.

ॲम्फोटेरिसिन ही वस्तूही मातीतलीच. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएलात ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९५० च्या दशकाच्या मध्यास ते मिळाले. बुरशीही मातीतली आणि तिचा वैरीही मातीतला. पण हे औषध बुरशीबरोबर मूत्रपिंडेही जाळते. म्हणून त्याला चरबीच्या सूक्ष्म थैल्यांत भरून देण्याची युक्ती निघाली. या कामात आपल्या परळच्या केईएम रुग्णालयाचा आणि डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा वाटा मोठा आहे. भारतातच असे औषध तयार करून रोग्यांवर ते पारखण्याचे काम तिथे झाले.

मात्रा रोग्याच्या वजनावर, दर किलोला दिवसाला निदान पाच मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला पन्नास मिलिग्रॅमच्या सहा कुप्या एका दिवसाच्या, आणि दिवस काही आठवडे. मे महिन्यात देशभर त्या कुप्यांचा दुष्काळ पडला. सरकार रुग्णालयांना त्या मोजून वाटत होते. राज्याने हा आजार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घेतला. महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या एका कारखान्यातही ॲम्फोटेरिसिन तयार होऊ लागले. आम्ही रोज संध्याकाळी वॉर्डाच्या दाराशी उद्याच्या कुप्या आल्या का एवढेच विचारीत असू. कधी सहा आल्या, कधी चार. एक दिवस एकही आली नाही. त्या रात्री ताई जिन्यावर बसून होती आणि तिला काय बोलावे ते मला सुचत नव्हते.

भावोजी वाचले. सगळेच वाचले नाहीत. त्यांच्या शेजारच्या खाटेवरचा तरुण रिक्षावाला वाचला नाही. त्याची साखर कोविडपूर्वी कोणी कधी तपासलीच नव्हती.

आता भावोजी कृत्रिम टाळू लावून जेवतात. टाळू काढला की त्यांचे बोलणे नाकातून येते, म्हणून कोणी पाहुणे आले की आधी तो बसवायला आत जातात. चकली त्यांना चावत नाही. ताई करंज्या मऊ करते. रोज सकाळी बोटाला सुई टोचून साखर पाहतात आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. गावात कोणाच्या गालाला मुंग्या येताहेत, मधुमेह असून एकाच बाजूने नाक दाटले आहे, काळपट पाणी येते आहे, वरचा दात विनाकारण हलतो आहे, असे कानावर आले की ते स्वतः फोन करतात. "वाफ नंतर घ्या," असे सांगतात, "आधी नाकात दुर्बीण घालून घ्या."

मला मात्र अजून लोक विचारतात, की तुम्हालाही तीच बुरशी झाली होती का? विचारणाऱ्याचा हेतू सहानुभूतीचा असतो. पण मी आता नुसते हो म्हणून विषय बदलत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेला तो कागद पाकिटात आहे. तो काढतो, आणि चौघांपैकी माझा भाडेकरू कोणता ते सावकाश सांगतो. ऐकणारा कधी कंटाळतो. पण त्याच्याही घरी कोणी ताई असेल, आणि एखाद्या रात्री तिला औषधाचे नाव हवे असेल.